उजवा हात कुणाकडून शिकायचा?

"दादा, माझी स्वतःची स्टाईल कधी तयार होणार?" भांडुपहून माझ्याकडे गिटार शिकायला येणारा एक मुलगा दर महिन्या-दोन महिन्यांनी हा प्रश्न विचारतो. वय १७. गिटार साधीच आहे, पण तारा वेळेवर बदलतो, हात धुऊन वाजवायला बसतो. मोबाइलमध्ये साठ रॉक आणि मेटल बँडची लांबलचक यादी. कुठला गिटारिस्ट कुठली गिटार वापरतो, कुठला पेडल लावतो, सगळं तोंडपाठ. त्याच्या मते स्टाईल म्हणजे सोलो, आणि सोलो म्हणजे डाव्या हाताची बोटं किती जोरात पळतात ते.

मागच्या खेपेला मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, सगळ्यात जाड तार घे. डावा हात मांडीवर ठेव. आता ही एकच मोकळी तार आधी एसी/डीसीसारखी वाजव, मग मेटॅलिकासारखी, मग आयर्न मेडनसारखी.

तो बराच वेळ नुसता तारेकडे बघत बसला.

एकाच तारेवर, एकाच सुरात हे तीन बँड वेगळे ओळखू येतात. ज्यानं कान देऊन ऐकलंय तो डोळे मिटून सांगेल. सूर तोच असताना फरक कुठून येतो आणि तो आपल्या हातात कसा उतरतो, हे मला इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडायचं आहे. गिटार न वाजवणाऱ्यालाही ते कळेल याची मला खात्री आहे. तंबोरा, सतार, ताशा ऐकत वाढलेल्या कानाला यातलं बरंचसं आधीपासून माहीत असतं.

आधी ॲम्पच्या आत

मी लालबागला चाळीत वाढलो. इलेक्ट्रिक तारवाद्य मी पहिल्यांदा ऐकलं ते गणपतीतल्या बँजो पार्टीत. आपण ज्याला बँजो म्हणतो तो खरं तर बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याचं मूळ तायशोगोतो नावाच्या जपानी वाद्यात आहे. त्याला तारेचं कंपन विजेत बदलणारा पिकअप लावायचा आणि गाडीवरच्या भोंग्यांतून झेपेल त्याच्याहून जास्त आवाज सोडायचा. मग सूर फाटतो, त्याला धार येते आणि ढोल-ताशाच्या दणदणाटातूनही तो गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. हे फाटणं म्हणजेच डिस्टॉर्शन.

तारेच्या कंपनाची लाट ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात, येते. ॲम्प ती मोठी करत नेतो, पण त्याच्या ताकदीला छत असतं. लाट त्या छताला भिडली की तिचा माथा छाटला जातो, सपाट होतो. या छाटण्यातून दोन गोष्टी घडतात, आणि मेटल गिटारचं जवळजवळ सगळं व्याकरण त्यांच्यातून निघतं.

पहिली गोष्ट अशी की मोठा आवाज छाटला जातो, लहान आवाज मात्र वाढतच राहतो. दोघांतलं अंतर मिटतं. बोट तारेवरून सरकल्याची चर्र, शेजारच्या तारेची थरथर, बोट उचलतानाचा टक्क, हे सगळं मूळ सुराच्या बरोबरीनं कानावर येतं.

दुसरी गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. दोन सूर एकत्र छाटले गेले की ॲम्प त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करतो, आणि गिटारवर कुणी न वाजवलेले सूर बाहेर पडतात. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. तिला सा माना. तिचा पंचम साधारण १२३. दोन्ही एकदम वाजवले तर वजाबाकी येते ४१, म्हणजे सा-च्या निम्मी, म्हणजे एक सप्तक खालचा सा. तो गिटारवर नाहीच, तो ॲम्पनं घडवला. एकदम वाजवलेल्या सुरांना गिटारवाले कॉर्ड म्हणतात, आणि सा-प या जोडीला पॉवर कॉर्ड. ती दोन सुरांपेक्षा मोठी का वाटते, त्याचं एक कारण हे. तंबोऱ्यात सा आणि प एकमेकांना कसे धरून ठेवतात ते आठवा. इथे तेच नातं फाटलेल्या आवाजात ऐकू येतं.

आता पंचमाच्या जागी शुद्ध गंधार घ्या, सुमारे १०४. वजाबाकी २१ च्या थोडी वर जाते. दोन सप्तकं खालचा सा त्याच्या जवळच असतो, पण नेमका तिथे नसतो. गिटारचे पडदे हार्मोनियमसारखे समान अंतराच्या हिशेबानं बसवलेले असतात, त्यामुळे त्यांचा गंधार गवयाच्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. असे थोडक्यात चुकलेले अनेक सूर एकमेकांत मिसळले की आवाज गढूळ होतो. म्हणून रॉकमध्ये डिस्टॉर्शन वाढत गेलं तसतसा कॉर्डमधला गंधार गळत गेला.

दोन बोटं

टोनी आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याचा उजवा हात मशीनमध्ये सापडला आणि मधलं बोट व अनामिका यांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा आहे, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्ट हा आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी सोलो वाजवणारा जॅझ गिटारिस्ट. ते ऐकून आयोमी पुन्हा उभा राहिला. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं.

टोपणातून तार बोटाला जाणवत नाही, आणि जाड तार दाबताना जखम दुखते. म्हणून त्यानं पातळ तारा लावल्या. मोठे ताणलेले कॉर्ड धरणं कठीण, म्हणून दोन बोटांत मावणाऱ्या सा-प वर भर दिला. पुढे १९७१ च्या अल्बमवर काही गाण्यांसाठी त्यानं गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. तारेतला ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ८२ वरून ६९ वर आलं की ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. बोटांना आराम मिळाला, आणि आवाज असा खोल गेला की पुढच्या ५० वर्षांतले मेटल बँड त्याच दिशेनं उतरत राहिले.

त्याच्या बँडचा, ब्लॅक सॅबथचा, पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. बँडच्याच नावाच्या गाण्यात सुरुवातीचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, तीन सुरांचा आहे: सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. युरोपात सा-तीव्र मध्यम या अंतराला भीतीदायक मानायची जुनी परंपरा आहे. आपल्याला हे गमतीचं वाटेल, कारण तीव्र मध्यम आपण यमनमध्ये ऐकतो, दिवेलागणीला, आणि तिथे तो अगदी प्रसन्न असतो. तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना गंधार आणि पंचम उभे असतात, त्याला घरात घेतात. आयोमीनं ते दोन्ही काढून टाकले. सा आणि तीव्र मध्यम एवढेच, मध्ये काही नाही, आणि चाल अत्यंत संथ. मी हे नेहमी पेटीवर वाजवून दाखवतो. आधी ग-म-प, मग नुसते सा आणि तीव्र म. मुलांचे चेहरे बदलतात.

सॅबथकडून हात शिकतो तो धीर. एक ठोका मारायचा आणि थांबायचं. सूर मरेपर्यंत त्याला धरून ठेवायचं, कंप द्यायचा, पुढच्या ठोक्याची घाई करायची नाही. वेगानं वाजवणारी मुलं इथेच अडखळतात. संथ रिफमध्ये लपायला जागा नसते.

कमी डिस्टॉर्शन, जास्त हात

एसी/डीसी हा १९७३ साली सिडनीत सुरू झालेला बँड. शाळेचा गणवेश घालून मंचावर धावणारा अँगस यंग सगळ्यांना ठाऊक आहे. हात घडवायचा असेल तर मात्र त्याचा थोरला भाऊ माल्कम ऐका. तो मागे ॲम्पजवळ उभा राहायचा. जाड तारा, ब्रिजजवळचा (सतारीच्या भाषेत घोडीजवळचा) एकच पिकअप, आणि ॲम्प जेमतेम फाटण्याच्या उंबरठ्यावर. डिस्टॉर्शन इतकं कमी की मोकळे कॉर्ड गंधारासकट स्वच्छ ऐकू येतात. हळू छेडलं तर आवाज साफ, जोरात छेडलं तर दात दाखवतो. म्हणजे आवाजाचं बटण उजव्या मनगटात गेलं.

माझं ठाम मत आहे की मेटल वाजवायची इच्छा असलेल्या प्रत्येकानं पहिले दोन महिने माल्कम यंगबरोबर काढावेत. ठोका आणि ठोक्यांमधली रिकामी जागा या दोन्हींची लांबी तिथे कळते. त्याच्या रिफमधल्या शांततासुद्धा मोजून दिलेल्या असतात.

सगळे ठोके खाली

आता मेटॅलिका. इथे माझ्या स्वतःच्या हाताची हकीकत सांगायला हवी.

आमची खोली दहा बाय बाराची. रात्री ॲम्प लावणं शक्यच नव्हतं. पलीकडच्या काकूंचा नातू तान्हा होता. "बाळा, आता पुरे हं, पोर आत्ताच डोळा लागून झोपलंय," असं त्या दारातून म्हणायच्या आणि पुढे काही बोलायची सोय नसायची. मग मी इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला न जोडता कोरडीच वाजवायचो. सायबर कॅफेतून छापून आणलेले टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्याचे आकडे) पुढे, आणि तारांची किणकिण फक्त मला ऐकू येईल एवढी. असं दीड वर्ष चाललं. बोटं छान पळायला लागली.

मग कॉलेजातल्या तिघांबरोबर पैसे काढून तासाच्या भाड्यानं जॅमपॅड, म्हणजे सरावाची खोली, घेतला. पहिल्यांदा मोठा ॲम्प, पहिल्यांदा खरं डिस्टॉर्शन. ड्रमरनं चार मोजले, मी रिफ सुरू केला, आणि बाहेर आला तो नुसता चिखल. न वाजवलेल्या तारा वाजत होत्या. रिफ संपला तरी गिटार संपेना, ॲम्पमधून शिटी चालूच. कोरड्या गिटारवर नको असलेली तार इतकी हळू वाजते की तिला थांबवायची गरजच मला कधी कळली नव्हती. लहान आवाज मोठे होतात म्हणून वर लिहिलं, ते मला असं समजलं.

आमचा बास गिटार वाजवणारा वयानं मोठा होता. तो उठून आला, माझा उजवा हात धरला, करंगळीखालची तळव्याची कड ब्रिजवर टेकवली आणि म्हणाला, "हात इथून उचलायचा नाही."

याला पाम म्यूट म्हणतात. तारा जिथे ब्रिजवर टेकतात तिथे तळव्याची कड ठेवून तार छेडायची. किंचित पुढे सरकलं की तार मरते, नुसता ठोका उरतो. किंचित मागे गेलं की ती मोकळी वाजते. या दोन टोकांमध्ये जेमतेम बोटाच्या पेराएवढी जागा आहे, आणि मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड त्या जागेचा बादशहा आहे. दाबलेले ठोके 'चग-चग-चग' असे आखूड, घट्ट येतात आणि मध्येच हात उचलून एक कॉर्ड मोकळा सोडला की तो दार उघडल्यासारखा अंगावर येतो.

त्याची दुसरी खूण म्हणजे डाउनपिकिंग. साधारणपणे गिटारिस्ट एक ठोका खाली, एक वर असं छेडतो, कारण त्यात निम्मी मेहनत. सतार ऐकणाऱ्याला 'दा' आणि 'रा' यांच्या वजनातला फरक वेगळा सांगायला नको. इथेही तसंच आहे. खाली जाणारा ठोका जाड तारेवर आधी आणि जास्त वजनानं पडतो, वर येणारा हलका. हेटफिल्ड जिथे जमेल तिथे सगळे ठोके खालीच मारतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्याचं वजन सारखं. मेटॅलिकाच्या १९८६ च्या तिसऱ्या अल्बमच्या शीर्षकगीताची लय मिनिटाला सुमारे २१२ मात्रा आहे. प्रत्येक मात्रेत दोन ठोके धरले तर सेकंदाला सात, सगळे खाली. यात ताकदीनं काम होत नाही. दंडातून जोर लावणाऱ्याचा हात अर्ध्या मिनिटात दगड होतो. पिकचं, म्हणजे तार छेडायच्या चकतीचं, फक्त टोक तारेत जाऊ द्यायचं, मनगट सैल, आणि १२० पासून सुरुवात करून महिन्यागणिक थोडं थोडं वाढवायचं. कोपरापाशी जळजळ झाली की थांबायचं. हा नियम मी विद्यार्थ्यांना कधीही मोडू देत नाही.

आज घरी सराव करणाऱ्याला माझ्यासारखं कोरडं वाजवायची गरज नाही. हेडफोन लागेल असा छोटा प्रोसेसर किंवा मोबाइलला जोडायचं साधन मिळतं. शेजारी झोपू देत, पण तुमच्या कानात डिस्टॉर्शन असू द्या. आपला कचरा आपल्याला ऐकू आलाच पाहिजे.

दा-दिर, दा-दिर

१ फेब्रुवारी २००८. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान. आयर्न मेडननं त्या वर्षीच्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली. दौऱ्यासाठी भाड्यानं घेतलेलं बोइंग ७५७ विमान, आणि वैमानिकांत त्यांचाच गायक ब्रूस डिकिन्सन. मी त्या गर्दीत होतो. मोठ्या पडद्यावर सगळे चेहरे बघत होते. मी पायाच्या बोटांवर उभा राहून हात बघायचा प्रयत्न करत होतो.

मेडनची खूण म्हणजे गॅलप, घोड्याची दौड. एक लांब ठोका, मागोमाग दोन आखूड. सतारीच्या बोलांत सांगायचं तर दा-दिर, दा-दिर, दा-दिर. बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस हे बासवर पिक न घेता बोटांनी वाजवतो, आणि गिटारी त्याच्या पाठीवर बसल्यासारख्या धावतात. गॅलप शिकताना सगळ्यांची एकच चूक होते: तिन्ही ठोके सारख्या अंतरावर पडायला लागतात आणि घोडा लंगडतो. 'दा' ला त्याची पूर्ण अर्धी मात्रा द्यायची, 'दिर' उरलेल्या अर्ध्यात बसवायचा. तोंडानं बोल म्हणत वाजवलं की लवकर बसतं. हे आपल्याकडच्या कुठल्याही तबलजीनं सांगितलं असतं. गिटारच्या पुस्तकांत मात्र मला ते क्वचितच दिसलं.

त्यांची दुसरी देणगी म्हणजे जोडीनं वाजणारे सूर. डेव्ह मरी एक धून वाजवतो आणि एड्रियन स्मिथ तीच धून गंधाराच्या अंतरावर, वरून. आता तुम्ही विचाराल, सा आणि ग डिस्टॉर्शनमध्ये गढूळ होतात असं आत्ताच म्हणालात ना? होतात, एकाच ॲम्पमधून गेले तर. इथे दोन माणसं, दोन गिटारी, दोन ॲम्प. प्रत्येक ॲम्प एकेकच सूर छाटतो, बेरजा-वजाबाक्यांना जोडीदार मिळत नाही, आणि दोन स्वच्छ धारदार सूर हवेत येऊन भेटतात. जो गंधार एका गिटारवरून गळाला होता, तो दुसऱ्या माणसाच्या हातून परत आला. हे समजलं त्या दिवशी मी आमच्या बँडसाठी दुसरा गिटारिस्ट शोधायला लागलो.

मुंबईला हे सगळं नवीन नव्हतं. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट इथे आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. १९८४ मध्ये इथे रॉक मशीन हा बँड उभा राहिला, पुढे त्याचं नाव इंडस क्रीड झालं. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव भरायला लागला, आणि धोबी तलावचं रंगभवन हे अनेक वर्षं शहराचं रॉकचं अंगण होतं. आसपास रुग्णालयं आणि शाळा-कॉलेजं असल्यानं तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि ते अंगण बंद झालं. मला तिथे उभं राहायला मिळालं नाही, याची रुखरुख आहे. आमच्या पिढीला मग डेमोनिक रिझरेक्शन आणि भयानक मौत यांच्यासारखे इथलेच बँड मिळाले. आपल्याच लोकलनं येणारी-जाणारी माणसं असं वाजवू शकतात, हे बघणं मोठं शिक्षण असतं.

काही बँड मी भराभर सांगतो. डीप पर्पलचा 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ, जो गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात शिकतो, बहुतेक जण पॉवर कॉर्डमध्ये वाजवतात. रिची ब्लॅकमोर तो सा-मध्यमाच्या जोड्यांत, पिक न घेता दोन बोटांनी एकदम चिमटा काढून वाजवतो, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी फुटतात. एवढा एक बदल करून बघा, रिफ उजळतो. व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमनं उजव्या हाताला फ्रेटबोर्डवर, म्हणजे डाव्या हाताच्या पडद्यांवर, तारा ठोकायला आणलं. त्या टॅपिंगचं कौतुक खूप होतं, पण एडी व्हॅन हेलनचा ऱ्हिदम, म्हणजे सोलोखेरीजची साथ, ऐकून बघा, त्याला झोपाळ्यासारखा हेलकावा आहे. निर्वाणा शिकवतो की आधीचं कडवं खरंच हळू वाजवलं तरच पुढचा स्फोट स्फोट वाटतो.

सम कुठे आहे?

मेशुगा हा स्वीडनमधल्या उमेओचा बँड, १९८७ पासूनचा. आठ तारांच्या गिटारी, अतिशय खालचे सूर, आणि पहिल्यांदा ऐकताना वाटतं की यांचा ताल तुटलाय. हात लावायला मुलं घाबरतात. मला वाटतं, आपल्याकडच्या माणसाला हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं, कारण आपण तिहाई ऐकत वाढलो आहोत.

सोळा मात्रांचा तीनताल डोक्यात धरा. आता पाच मात्रांचा एक तुकडा घ्या आणि न थांबता पुन्हा पुन्हा वाजवा. पहिल्या आवर्तनात तीन तुकडे होतात आणि चौथा एक मात्रा वाजून सम ओलांडतो. पुढच्या आवर्तनात सगळं सरकलेलं. पाच आवर्तनं, म्हणजे ८० मात्रा, झाल्या की तुकडा आणि सम परत एका जागी येतात. मेशुगा ढोबळमानानं हेच करतात. टोमास हाके ड्रमवर झांजेनं सरळ चार मोजत राहतो. त्याचे पाय मात्र गिटारच्या तुकड्याबरोबर जातात. शिवाय ते नेहमी पूर्ण भेट होईपर्यंत थांबत नाहीत. चार किंवा आठ आवर्तनांनंतर तुकडा मध्येच छाटून समेवर येतात. झांज पकडली की ताल सापडतो. गिटार पकडली की हरवतो.

अशा घट्ट, खालच्या पाम म्यूटच्या आवाजाची तोंडानं केलेली नक्कल म्हणजे 'जेंट', आणि त्यावरून पुढे एक अख्खा प्रकारच ओळखला जाऊ लागला. याचा सराव गिटार न घेता करा. लोकलमध्ये उभं राहून पायानं चार, मांडीवर बोटांनी पाच. ठाण्यापासून दादरपर्यंत एकदाही न चुकता गेलात, तर हात आपोआप येईल.

मग यादीतले साठ बँड?

साठ बँडची साठ गाणी अर्धी-अर्धी वाजवणाऱ्याच्या हातात काही मुरत नाही. एक बँड घ्यावा आणि तीन महिने त्याच्याबरोबर राहावं. त्याचा सोलो नंतर, आधी ऱ्हिदम. एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, उजव्या हाताकडे लक्ष ठेवून: पिकची दिशा कुठली, तळवा कुठे टेकलाय, सूर किती लांब धरलाय, कुठे काहीच वाजवलेलं नाही. दर आठवड्याला मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करावं आणि मूळ गाण्याशेजारी ऐकावं. हे ऐकणं जिवावर येतं, तरी करावं. मग दुसरा बँड घ्यावा, आणि तो पहिल्यापेक्षा शक्य तितका लांबचा असावा. सॅबथनंतर मेडन, मेटॅलिकानंतर एसी/डीसी. दोन सवयी हातात भांडायला लागतात, आणि त्या भांडणात जे टिकतं ते तुमचं असतं.

त्या टिकण्यात तुमच्या बोटांची लांबी येते, घराची जागा येते, लहानपणी खिडकीतून काय ऐकू यायचं तेही येतं. आयोमीच्या आवाजात त्याची दोन बोटं आहेत. मी आजही कुठलाही सूर ताणताना किंचित जास्त ताणतो, आणि तो बँजो पार्टीच्या फाटक्या भोंग्याचा संस्कार आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पुढच्या रविवारी तो मुलगा आला. आल्या आल्या गिटार काढली, डावा हात मांडीवर ठेवला आणि जाड तार छेडायला लागला. एसी/डीसी: मोकळे, रुंद ठोके, मध्ये नेमकी शांतता. मेटॅलिका: तळवा ब्रिजवर, सगळे खाली, अजून हळू पण सारखे. मग मेडनचा गॅलप. मी मेट्रोनोम (ठोके मोजून देणारं यंत्र) १०० ला लावला होता. दा-दिर, दा-दिर, नीट चाललं होतं, पण प्रत्येक चौथ्या 'दिर' मधला दुसरा ठोका जरा जड पडत होता आणि पुढचा 'दा' केसभर मागे रेलत होता. ही चाल माझ्या ओळखीची होती, आणि ती मेडनची नव्हती.

"तू पथकात आहेस का रे?"

"हो दादा, ताशा वाजवतो. तीन वर्षं झाली." त्याचा हात थांबला. "चुकतंय का?"

मी मेट्रोनोम बंद केला.

"परत वाजव. आत्ता वाजवलंस तसंच."